पाटाच्या कौलाची हकीकत, जो कौल जाहलाच नाही

॥ श्री ॥ वाहत्या पाण्यास नमन, साचल्या पाण्यास दुरोन नमन. शके पंधराशें चाळीस आणि वर कांही; वरचे कांही दफ्तरखान्यातील उंदरांनी खादले, सबब तेच जाणोत. मार्गशीर्ष शुद्ध नवमीस रयतेने पाटाचे बाबीत कौल दिधला, तो एकोणीसशे बारा विरुद्ध तीन ऐसा जाहला आणि हुजुरांची तजवीज सपशेल पडली. दशमीस हुजुरांचे फर्मान आले की कौल मुळी जाहलाच नाही. फर्मान शिरसावंद्य. तस्मात् कौल जाहला नाही, आणि जो जाहला नाही तो कैसा जाहला याची हकीकत येणेप्रमाणे.

राज्यात नदी एक, नदीस बांध एक, आणि बांधापासोन पाट निघाला तो सव्वा कोस. पाटाचे दोहों अंगास रयतेची शेते. बांधास लागोन पहिले शेत रखमाजी पाटलाचे, आणि सर्वांत शेवटी, जेथे पाटही चालोन दमतो, तेथे ठकूबाईंचे दीड बिघा वांग्याचे शेत. ठकूबाई विधवा, वय साठीचे, आवाज तोफखान्याचा. शेत सुकले तर त्यांस जावयाचे घरी राहणे प्राप्त, आणि जावई ऐसा की कढी ओरपू लागला म्हणजे गोठ्यातील गुरे उठोन उभी राहत. म्हणोन ठकूबाई म्हणत की, 'देवा, मरण दे, पण त्याच्या पंगतीला बसवू नको.' ऐसे असता महाराजांचे मनी आले की वाड्याचे बागेत कारंजे असावे, ते दोन पुरुष उंच उडावे, आणि त्याचे टोकावर एक तांबडा चेंडू नाचावा. दिवाण भास्करपंत बहुत विद्वान; त्यांनी तजवीज लिहिली की पाटाचे निम्मे पाणी कारंज्यास न्यावे आणि उरले ते वरच्या शेतापासोन खाली वाटीत जावे, पोचेल तेथवर पोचेल. एवढेच लिहिण्यास सतरा खंड लागले. मग महाराजांनी पुसिले, 'पंत, हे आम्हीच ठरवावे की रयतेस विचारावे?' पंत बोलले, 'विचारावे. कारंजे उडाले तर कीर्ती हुजुरांची, पाट आटला तर कौल रयतेचा.' महाराज प्रसन्न जाहले आणि पंतांस शालजोडी दिधली.

मग दरबारात शंका निघाली की रयत अडाणी, तीस सतरा खंडांचा प्रश्न उमजावा कैसा, आणि न उमजता कौल दिधला तर राज्याचे काय होईल? सबब अक्कल-मोजणी खाते नवे निर्माण जाहले आणि हुकूम सुटला की रयतेने आधी खंड वाचावे, मग परीक्षा द्यावी, आणि पास होईल त्यानेच कौल द्यावा. खंड म्हशीवर लादोन गावी रवाना केले. वाटेत डोह लागला आणि म्हैस ती म्हैस, बसली. अकरा खंड भिजले आणि नववा खंड म्हशीने खादला. भिजले ते उन्हात वाळविले तो पाने मागेपुढे लागली. पंतांनी जातीने तपासोन 'मतलबात फरक नाही' ऐसा शेरा मारिला, आणि नवव्या खंडाविषयी कोणी पुसिले तर म्हैस दाखवावी ऐसे ठरविले. मग परीक्षा जाहली. एकोणीसशे तेरा असामी देवळापुढील पटांगणात मांडी घालोन बसले. सवाल पहिला: पाटास पाणी सोडिले असता प्रथम कोणाचे शेत भिजते? उत्तर खंड पहिला, पान तिसरे यांत साफ लिहिले होते: बांधाजवळचे, म्हणजे रखमाजी पाटलाचे. परंतु एकोणीसशे तेरा असामींनी एकच उत्तर दिधले: ठकूबाईंचे. ज्यांस लिहिता येईना त्यांनी पूर्वेकडे बोट दाखविले, आणि पूर्वेस ठकूबाईंचेच शेत. खुद्द रखमाजीनेही तेच लिहिले, आणि खाली रेघ ओढिली. सगळे नापास. पंतांनी मनी पक्के केले की नक्कल जाहली, आणि रखमाजीस बोलावोन घेतले.

पंत म्हणाले, 'पाटील, बांधाला लागून शेत तुमचं. पाणी काय तुमच्यावरून उडी मारून जातं?'

'उडी कशाला मारंल, दिवाणजी? सरळ चालत जातं.'

'मग आधी तुमचंच शेत भिजायला नको?'

'माझं? माझं सगळ्यांत शेवटी. ठकूकाकीचं भिजल्याबिगर मी शेतात पाणी घ्यायची मोरी उघडली, तर ती मला पाटात बुडवंल.'

'हे वेडेपण आहे.'

'आसंल. येऊन बघा की.'

आता येथे पंतांची थोरवी सांगणे प्राप्त. दुसरा विद्वान असता तर सतरा खंडांवर अठरावा लिहिता. परंतु पंत दुसरे दिवशी सकाळी ओळंबा, दोरी आणि छत्री घेऊन पाटावर गेले. पाणी सुटले. रखमाजीने आपली मोरी चिखलाने लिंपोन ठेविली होती आणि कमरेवर हात देऊन उभा होता. पाणी त्याचे शेतापुढोन गेले आणि त्याने रामराम घातला तितकाच. पुढचा तैसाच उभा, त्याचे पुढचाही तैसाच, आणि पंत पाण्याबरोबर सव्वा कोस चालले, वाटेत एक वहाण चिखलात गेली ती तेथेच राहिली, आणि पाणी नीट ठकूबाईंचे वांग्यांत शिरले. वांगी भिजली आणि ठकूबाईंनी पदर खोचोन हाक मारिली, 'झालं गं बाई माझं! उघडा आता!' मग त्यांचे वरच्याने मोरी उघडिली, मग त्याचे वरच्याने, आणि ऐसी पाळी चढत चढत बांधाकडे परत गेली. पंतांनी पुसिले, 'ही उलटी रीत कशासाठी?' तेव्हा मागोमाग आलेला रखमाजी बोलला, 'दिवाणजी, माझं आधी भिजलं तर खालच्या पाटात गवत वाढलं काय, गाळ साचला काय, मी कशाला वाकून काढतोय? मी घरी जाऊन झोपंन. आता काकीचं भिजल्याशिवाय कुणाचंच भिजत नाही, म्हणून कार्तिकात अख्खा गाव खोरी घेऊन शेवटापर्यंत पाट उकरतो. काकीच्या वांग्यांची काळजी तिच्यापेक्षा मलाच जास्त.'

'हे कोणत्या ग्रंथात आहे?'

'ग्रंथात नाही जी. पाटात आहे.'

पंत तेथेच शेताचे बांधावर बसले. ठकूबाईंनी भाकरी आणि भाजलेल्या वांग्याचे भरीत पुढे ठेविले. पंतांनी दोन वेळा मागोन घेतले आणि हळूच बोलले, 'ठकूबाई, तरीसुद्धा कौल देताना आमच्या खंडांचा जरा विचार व्हावा. चार वर्षं लागली हो लिहायला.' ठकूबाई बोलल्या, 'करते की विचार. नववा तेवढा म्हशीला विचारून घेते.' मग पंत माघारे गेले आणि परीक्षेचे निकालावर स्वहस्ते लिहिले: 'सवाल बरोबर, उत्तर खंडात चुकीचे लिहिले होते, रयत सर्व पास, खंडकर्ता नापास.' ऐसी सही या राज्यात पूर्वी कोणी केली नव्हती आणि पुढेही कोणाचा हात वळला नाही.

नवमीस कौल जाहला, म्हणजे जाहला नाही. रांजण एक मांडिला. तजवीज मान्य त्याने हरभरा टाकावा, अमान्य त्याने ज्वारीचा दाणा. महाराज हत्तीवरोन कौल देण्यास आले तो त्यांचे नावच यादीत सापडेना. कारकुनाने तीन वेळा चाळिली आणि 'पुढल्या खेपेस अर्ज करावा' ऐसे सांगितले, तेव्हा हत्ती वळविला. सायंकाळी रांजण उपडा केला तो ज्वारी एकोणीसशे बारा आणि हरभरे तीन. एक हरभरा कारंज्याचे दरोग्याचा, कारण त्याची चाकरीच त्यावर. दुसरा पंतांचा; ते बोलले की चुकले तरी आपले लेकरू, त्यास भर चौकात कैसे टाकावे? परंतु तिसरा कोणाचा? गावात कुजबुज जाहली, रखमाजी मिशा पिंजारोन ओरडला, 'कोण तो फितूर? पुढे ये!' तेव्हा ठकूबाई पुढे आल्या.

'मी टाकला.'

'काकी! अगं तुझंच शेत जाणार होतं! जावयाकडे जायचं होतं का तुला?'

'तुम्ही एवढे सगळे असताना माझं शेत जातंय कुठं? ते मला ठाऊक होतं. पण दिवाणजी बिचारे रांगेत सगळ्यांत शेवटी पडले. शेवटच्याला आधी पाणी, ही रीत आपलीच ना रे? का ती नुसती वांग्यापुरती?'

यावर पंतांनी छत्री उघडिली, पाऊस नसता, आणि तोंडापुढे धरिली.

दशमीस फर्मान आले ते वर लिहिलेच आहे. कौल जाहलाच नाही, तेव्हा तजवीज मंजूरही जाहली नाही. सबब पाट होता तैसा राहिला आणि वांगी भिजत आहेत. जावई आपली कढी एकटाच ओरपतो. बागेत कारंज्याचे हौदात दरोगा रोज सकाळी काठीचे टोकावर तांबडा चेंडू धरोन उभा राहतो आणि महाराज पाहोन संतोष पावतात. सारांश, रयतेस सतरा खंड कळले नाहीत हे खरे, परंतु प्रश्न पाटाचा होता आणि पाट तीस पाठ होता. ऐसी रयत ज्या राज्यास लाभली त्या राज्याचे भाग्य थोर. राज्यास ते ठाऊक नाही, इतकेच उणे.

सेवेसी समस्त पाटकऱ्यांचा विनंती अर्ज ऐसा की, पुढील कोणताही कौल मागण्यापूर्वी हुजुरांनी विद्वन्मंडळासह कार्तिक वद्य द्वितीयेस पाट उकरण्यास जातीने हजर व्हावे. खोरे आपले आणावे, दांडा घट्ट असावा. पाटाविषयीच्या ज्ञानात हुजूर सर्वांत शेवटी असल्याकारणे, रिवाजाप्रमाणे पहिली पाळी हुजुरांची राखोन ठेविली आहे. भरीत ठकूबाईंकडे. कळावे, आणि येत असल्याचा जबाब त्वरित यावा, म्हणजे वांगी त्या बेताने तोडिता येतील.