आधी तुमच्या पोरीला

शीतलने ओआरएसची पुडी पुन्हा पुढे सरकवली आणि कुनीने ती पुन्हा मागे सारली.

तानसा धरणाच्या वाटेवर पाइपलाइनचं काम निघालं होतं. त्यासाठी ओरिसाहून आलेल्या मजुरांतली ही कुनी. कडेवरच्या पोराला सकाळपासून जुलाब. डोळे खोल गेलेले, ओठ सुकलेले. रडत होता, पण डोळ्यांत पाणी नव्हतं. शहापुरात मेडिकल चालवणाऱ्या शीतलने हे एका नजरेत हेरलं. काउंटरमागे झोळीत तिची स्वतःची रविना झोपली होती.

"सरकारी दवाखाने में ले जाव, पन पहिले ये पिलाव. साखर-मीठ का पानी है!"

मागच्या मुक्कामी एका दुकानदाराने या लोकांना मुदत संपलेलं औषध विकलं होतं. कुनीने झोळीकडे बोट केलं.

"पहले उसको."

"नाय हां, शीतल!" नवरा रविंद्र गल्ल्यावरून ओरडला. "आपली पोर काय नमुना हाय?"

पण त्या सुकलेल्या ओठांपुढे शीतलला धीर निघेना. उकळून गार केलेल्या पाण्यात तिने पुडी कालवली आणि रविनाला उठवून एक चमचा पाजला. रविनाने मिटक्या मारल्या. मग कुनीने पोराच्या तोंडाला वाटी लावली आणि दवाखाना गाठला.

संध्याकाळी परतताना पोराने दुकानासमोर भोकांड पसरलं. गालांवरून पाणी ओघळत होतं. इतकं गोड रडणं शीतलने कधी ऐकलं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी मजुरांचं अख्खं पाल दारात. कुणाला खोकला, कुणाला पित्त. सगळ्यांची बोटं झोळीकडे.

शीतलने रविनाला छातीशी घट्ट धरलं. "बच्ची नाय! उसका बाप चलेगा?"

आपसात चर्चा झाली. बाप चालला.

"मी?" रविंद्र म्हणाला.

"मग काय शेजारच्यांना बोलावू? अहो, 'आ' करा."

खोकल्याचं औषध गेलं, मग पित्ताचं, मग पुन्हा खोकल्याचं, कारण मागच्यांनी नीट पाहिलं नव्हतं. दुपारी रविंद्र गल्ल्यावर डोकं टेकून घोरू लागला.

तेवढ्यात नेहमीचं गिऱ्हाईक नथू आला. "वैनी, शेठला काय झालाय?"

"काय नाय. औषध घेतलंय."

"इथलाच?" नथूने चिठ्ठी खिशात घातली आणि समोरच्या दुकानात गेला. त्याच्यामागे गावातले आणखी दोघे. घोरणाऱ्या बापाकडे बघून पालावरच्यांनीही बाटल्या खाली ठेवल्या. दुकान रिकामं होऊ लागलं.

कुनी आली ती तेव्हाच. तिने स्टूल ओढलं आणि टवटवीत पोराला काउंटरवर बसवलं. कुणाला किती, कधी, ते शीतलला विचारून ती आपल्या भाषेत खडसावून सांगू लागली. एकेक बाटली पुन्हा उचलली गेली. शीतलने सुटकेचा निःश्वास टाकला आणि रविनाला घेतलं. अंग गरम लागलं.

तापाचे थेंब ती रोज विकत होती. तिने बाटलीवरची तारीख वाचली. पुन्हा वाचली. ड्रॉपर भरला, रिकामा केला, परत भरला.

"अगो, दे ना!" रविंद्र जांभई देत म्हणाला. "लोकांना सांगतेस तेव्हा कशी नाय घाबरत?"

"तुमी गप बसा. अख्खा दिवस झोपा काढल्यात."

तिने ड्रॉपर पुन्हा रिकामा केला. कुनीने एकदा रविनाकडे पाहिलं, एकदा शीतलकडे. मग स्टूल पुढे सरकवलं आणि स्वतःचं तोंड उघडलं.

"पहले हमको."

शीतल नको म्हणणार होती. पण तिने कुनीच्या जिभेवर दोन थेंब टाकले, आणि ती गिळेपर्यंत तिच्या चेहऱ्यावरून नजर हलवली नाही.