वा म्हणणारे नाना

१६ एप्रिल १९८९, रविवार. सकाळी सहापासून मी गच्चीवर बिबड्यांचे पापड थापत होते. आंबवलेल्या ज्वारीचा घाटा गरम आहे तोवर ओल्या फडक्यावर थापावा लागतो. जरा गप्पा मारल्या की गोळा. मदतीला शिरपूरची नणंद आली होती. साडेबाराला कठड्यावरून खाली पाहिलं, तर शेजारचे पुंडलिकनाना दोन्ही काखांत एकेक घडीची खुर्ची मारून आमच्या फाटकातून आत येत होते. सिनेमा दीडला होता.

माणूस एक, खुर्च्या दोन. दर रविवारी हेच. टीव्हीवर दुपारी कुठल्यातरी प्रांताचा सिनेमा लागायचा. जळगावात आमच्या गल्लीत तो पाहणारे नाना एकटेच. त्यांच्याकडे टीव्ही नव्हता, म्हणून पाहायचे आमच्याकडे. एका खुर्चीवर स्वतः बसत, दुसरी शेजारी उघडून ठेवत. मी समजत होते, पानाच्या डब्यासाठी असेल. डबा मात्र ते मांडीवरच ठेवत.

सिनेमा तमिळ असला तरच नाना बसत. बंगाली निघाला तर पाच मिनिटं कान देत, खुर्च्या मिटत आणि चालू लागत. तरुणपणी रेल्वेच्या नोकरीत अकरा वर्षं मद्रासला काढलेली. तिथे त्यांना आणि त्यांच्या बायकोला, सुमनअक्कांना, करमणूक एकच: एका जोडीचे सिनेमे. तो गुबगुबीत गालांचा, भुवयांनी बोलणारा. ती मोठ्या डोळ्यांची, पाणी आलं तरी ते खाली न पडू देणारी. पंधरा-वीस वर्षं दोघं पडद्यावर एकत्र होते. पण कधी नवरा-बायको, तर कधी भाऊ-बहीण, आणि हे नानांना अजिबात मान्य नव्हतं.

"मांगला वरीसले तेस्नं लगीन लागेल शे," ते मला तावातावाने सांगत, "आते ती बहीन कशी व्हई?"

"नाना, सिनेमा आहे तो."

"मंग काय व्हयनं? लगीन ते लगीन."

तो दुसऱ्या नटीबरोबर दिसला तर नाना सरळ उठत. "ही त्यानी बायको नही. मी जास." जणू आपण थांबलो तर त्या पापात आपलाही वाटा.

नानांची आणखी एक खोड म्हणजे 'वा'. संध्याकाळी घराचं कुलूप काढलं की, "वा!" स्वतःच्या हाताने ताट वाढलं की, "वा!" भिंतीपलीकडून मला ऐकू यायचं. एकदा भाताची पेज झालेली मी डोळ्यांनी पाहिली होती, तिलाही वा. अक्का होत्या तेव्हा त्याच कौतुकाने सांगायच्या, "मन्हा धनी माले दिनमा धा डाव वा म्हनस." मी ते घरी येऊन माझ्या नवऱ्याला ऐकवलं होतं, की शिका काहीतरी, आमच्याकडे पुरणपोळीलाही नुसतं 'हं' असतं. अक्का जाऊन तेव्हा दोन वर्षं झाली होती. नानांचं वा थांबलं नव्हतं. गल्लीतल्या बायका म्हणायच्या, म्हाताऱ्याला घर, कुलूप, पेज सगळंच छान वाटतं. त्यात मीही होते.

त्या रविवारी त्याच जोडीचा सिनेमा होता. अक्का गेल्यानंतर पहिल्यांदाच. पेपरातलं कात्रण नाना आठवडाभर खिशात घेऊन हिंडत होते. इस्त्रीचा पांढरा शर्ट घातला होता. केसांना तेल.

दीड वाजता आम्हीही उन्हातून खाली आलो. थोडा घाटा उरला होता, तो दिवाणखान्यातच फडकं अंथरून थापायला घेतला. सिनेमात अर्ध्या तासाने ती दारात आली. लाजून उंबऱ्यावरच थांबली. तो भुवया उडवून म्हणाला, "वा!" आणि त्याच्याबरोबर, त्याच्याच सुरात, नानाही म्हणाले, "वा!" पडद्याकडे बघून नाही. शेजारच्या रिकाम्या खुर्चीकडे बघून.

नणंद फिस्सकन हसली. तिला हसताना पाहून मला चेव आला. घाट्याचं पातेलं उचललं आणि त्या खुर्चीवर ठेवलं.

"नाना, खुर्चीला कसली वा वा करता? तिला काय सिनेमा कळतो? त्यापेक्षा बिबड्यांना करा, सकाळपासून कंबर मोडलीय आमची!"

नणंद डोळे पुसेपर्यंत हसली. नानाही हसले. मग उठले. पातेलं दोन्ही हातांनी अलगद खाली ठेवलं, खुर्चीवर पडलेला घाट्याचा ठिपका धोतराच्या सोग्याने पुसला आणि दोन्ही खुर्च्या मिटल्या.

"अहो बसा, आत्ताशी सुरू झालाय."

"नही बहीन, तुमना कामनी खोटी व्हई ऱ्हायनी. मी जास."

आठवडाभर वाट पाहिलेला सिनेमा अर्ध्या तासात सोडून ते गेले. टीव्ही चालूच होता. माझी वैशाली तेव्हा अकरावीत. पडद्याखालची इंग्रजी अक्षरं वाचायची तिला हौस. थोड्या वेळाने म्हणाली, "आई, तो 'वा' म्हणतो ना, तेव्हा खाली 'कम' येतंय. 'वा' म्हणजे 'ये'."

"नीट वाच."

"तीनदा आलं. ये. ये, आत ये."

माझ्या हातातला घाटा गार झाला. त्याचा गोळा झाला.

कुलूप काढल्यावर: ये. ताट वाढल्यावर: ये. दिवसातून दहा वेळा अक्कांना: ये. आणि मी त्या खुर्चीवर पातेलं ठेवलं होतं. नणंद पाहुणी होती, काम अंगावर होतं, मला ठाऊक नव्हतं, ही सगळी कारणं मी स्वतःला सांगून पाहिली. एकही पुरलं नाही. ठाऊक नसलेल्या माणसाने गप्प बसायचं असतं. मी नणंदेला हसवायला बोलले होते.

उठून टीव्ही बंद केला. नणंद म्हणाली, "अगं, शेवट?" मी म्हटलं, घाटा संपव.

दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिसला निघायच्या आधी नानांच्या ओट्यावर गेले. बिबडे न्यावेत असं आधी वाटलं होतं. मग लाज वाटली, रिकाम्या हाताने गेले. दोन्ही खुर्च्या ओट्यावर मांडलेल्या होत्या. एकीवर नाना.

"नाना, त्या सिनेमाचं पुढे काय होतं?"

"दखा नही का तुम्ही?"

"नाही. बंद केला."

नानांनी पानाचा डबा मिटला. मग शेजारी हात केला. "बसा ना बहीन, खुर्ची शे."

मी पायरीवर बसले. नानांनी सिनेमा पहिल्यापासून सुरू केला, दोघांचे आवाज काढून. ती दारात येऊन थांबते तिथे ते माझ्याकडे न बघता, रिकाम्या खुर्चीकडे बघून म्हणाले, "वा."

ऑफिसला मला पाऊण तास उशीर झाला. कारण विचारलं, ते मी सांगितलं नाही.