टेरेन्सचे किती उरले?

रमण पावसकरने एकदा मनावर घेतलं की घेतलं! मग ते काम होवो न होवो, रमणने मनावर घेतलंय ही बातमी ओमानमधल्या दुक्मच्या अख्ख्या कॅम्पला कळायची. या वेळी त्याने सिगारेट सोडायचं मनावर घेतलं होतं. "टेरेन्सपेक्षा कमी ओढून दाखवीन! नाही दाखवलं तर पावसकर नाव लावणार नाही!" असं त्याने मेसमध्ये डाळीचा डाव हातात धरून जाहीर केलं. आता सिगारेट सोडायची तर सोडावी, त्यात टेरेन्स कुठून आला, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. डाव रमणच्या हातात होता आणि मागे जेवणाची रांग खोळंबली होती.

टेरेन्स डाबरे हा रमणचा रूममेट. वसईचा, प्रोजेक्टवर स्टोअरकीपर. रमण गुहागरकडचा, केबल फोरमन. दोघांच्या पोर्टा केबिनला एकच खिडकी आणि खिडकीबाहेर वारा, वाळू नि रिफायनरी. माणूस वाईट नव्हता. तीच तर पंचाईत होती! वाईट असता तर रमणला उघडपणे जळता आलं असतं. पण टेरेन्स शर्टाला रोज इस्त्री करायचा. बाथरूममध्ये गायचा, तेही सुरात. आणि फोनवर बायकोला सगळ्यांदेखत 'डार्लिंग' म्हणायचा.

दुर्दैव असं, की दोघांच्या बायका मैत्रिणी झाल्या होत्या. नवऱ्यांना सोडायला आलेल्या असताना मुंबई विमानतळाच्या दारात शीला आणि लिंडा शेजारी शेजारी उभ्या राहून रडल्या, एकमेकींना रुमाल दिले आणि नंबरही दिले. तेव्हापासून दुक्मला कुणी शिंकलं तरी आधी वसईला कळायचं आणि मग गुहागरला.

"अहो, टेरेन्सभावजी लिंडाला डार्लिंग म्हणतात," शीलाने एकदा फोनवर सांगितलं. रमणने दुसऱ्या दिवशी सगळा धीर गोळा करून तो शब्द उच्चारला.

"कोण बोलतंय?" शीला म्हणाली. "जरा यांना फोन द्या."

अशात टेरेन्सने व्हेप, म्हणजे बॅटरीवर चालणारी सिगारेट, आणला. तो इथल्या दुकानांत मिळत नाही. त्याचा भाऊ मॅक्सवेल दुबईला असतो, त्याच्याकडून आला. बोटभर लांबीची काळी चपटी डबी. झुरका घेतला की तिच्यावरचा इवलासा पडदा उजळायचा आणि बॅटरी किती राहिली, आतलं लिक्विड किती राहिलं, दोन्हीचे आकडे टक्क्यांत दाखवायचा. झुरका संपला की पडदा काळा.

लिंडाने लगेच नियम केला. रोज संध्याकाळी व्हिडिओ कॉलवर टेरेन्सने एकच झुरका घ्यायचा आणि पडदा कॅमेऱ्यासमोर धरायचा. दिवसभरात चोरून ओढलं तर आकडा चुगली करणारच! पण आकडा मुंगीच्या पावलांनी उतरत होता. लिंडाने चर्चमध्ये मेणबत्त्या लावल्या. शीलाने रमणचं डोकं खायला घेतलं.

"टेरेन्सभावजींचा आकडा बघा! अजून नव्वदच्या वर आहे. माणसाने शब्द दिला की असा पाळावा."

"मीपण कमी केल्यात."

"कशावरून? तुमच्या सिगारेटला आकडा आहे का?"

रमणच्या पोटात दुखू लागलं. त्याला मेणबत्त्या नको होत्या, कौतुकाची पार्टी नको होती. शीलाने एकदा, फक्त एकदा, लिंडाला फोन करून म्हणावं, "आमच्या यांचं बघ!" एवढीच त्या बिचाऱ्याची इच्छा होती. लग्न झाल्यापासून ते वाक्य त्याच्या वाट्याला आलेलं नव्हतं.

आणि टेरेन्सचा दुष्टपणा बघा. त्याने आपणहून पेटीतून दुसरी डबी काढली, निळी. "मॅक्सवेलने दोन दिले होते. एक तू घे. सोडू आपण दोघं, काय!" देणाऱ्याचा राग यावा असा प्रसंग माणसावर क्वचित येतो, रमणवर तो आला. त्याने दात काढून थँक यू म्हटलं आणि मेसमध्ये जाऊन ती वर सांगितलेली गर्जना केली.

पहिल्याच दिवशी रमणला कळलं, की यात एक भयंकर गोम आहे. किती उरलंय हे बघायला झुरका घ्यावा लागतो! सकाळी उठल्यावर त्याने शंभर आहे ना, हे बघितलं. साईटवर जाताना, रात्रभरात कमी तर झालं नाही ना, हे बघितलं. केबल ओढताना, आपण इतका वेळ ओढलेलं नाही तर आकडा तसाच असेल ना, हे बघितलं. तसाच नव्हता! म्हणून दचकून पुन्हा बघितलं. जेवायच्या सुट्टीपर्यंत तो नुसता काटकसर तपासून तपासून धाप लागेपर्यंत ओढून बसला.

संध्याकाळी कॉलवर शीलाने आकडा वाचला. "हे बॅटरीचं आहे ना?"

"नाही. ते... ते लिक्विडचं."

"बॅटरीचं असेल हो," शीला म्हणाली. तिच्या आवाजात आशा होती आणि तीच रमणला जास्त लागली.

आता त्याला दुसरा घोर लागला. आपलं जाऊ दे, टेरेन्सचे किती उरले? कॉलच्या आधी ते कळलं तर मनाची तयारी तरी करता येईल. टेरेन्स ड्युटीवरून आला की थेट आंघोळीला जायचा. बाथरूममधून गाणं सुरू झालं, की रमण उठायचा, टेरेन्सच्या उशीखालची काळी डबी काढायचा आणि आकडा बघायचा. म्हणजे ओढायचा. दुसरा इलाज होता का? पहिल्या झुरक्याला चष्मा नसायचा, म्हणून दुसरा. दुसऱ्याला आकडा बघून संताप व्हायचा, म्हणून तिसरा. शिवाय टेरेन्सचं लिक्विड पुदिन्याचं होतं, थंडगार, आणि रमणच्या वाट्याला आलेलं करपलेल्या तंबाखूचं. तेही सहन करायचं म्हणजे अति होतं. म्हणून चौथा.

हळूहळू टेरेन्सचा आकडा घसरायला लागला. कॉलवर लिंडाचा आवाज चढायला लागला.

"टेरेन्स, काल किती होते? आज किती आहेत? खोटं बोलतोस तू माझ्याशी!"

"डार्लिंग, गॉड प्रॉमिस, एकच घेतो मी. तुझ्यासमोर."

"मग बाकीचं काय उंट येऊन ओढून जातो?"

शेजारच्या खाटेवर रमण मोजे घडी करत होता. मोजे घडी करायची त्याला सवय नव्हती, पण हसू लपवायला काहीतरी हवं होतं. त्या दिवशी शीलाचा आवाज मऊ होता. "लिंडा फार रडली हो. तिने सगळ्या चर्चला सांगून ठेवलंय. बरंय बाई, तुमचं निदान जे आहे ते उघड आहे." हे काही 'आमच्या यांचं बघ' नव्हतं. पण त्याच गल्लीतलं होतं!

टेरेन्स मात्र खचला. आंघोळीतलं गाणं बंद झालं. शर्टाला सुरकुत्या दिसू लागल्या. एका संध्याकाळी तो रमणच्या खाटेवर येऊन बसला आणि खालच्या आवाजात म्हणाला, "यार, कुणाला बोलू नको. मी झोपेत ओढतो."

"काय?"

"नाहीतर कोण ओढणार? रूममध्ये आपण दोघंच. मी उठत असणार, ओढत असणार, परत झोपत असणार. माझे एक अंकल झोपेत चालायचे. आमच्यात आहे ते." त्याचे डोळे भरून आले. त्याने काळी डबी रमणच्या हातात ठेवली. "तू ठेव ही. तुझ्या कपाटात, कुलपात. माझा माझ्यावर भरवसा नाही राहिला, पण तुझ्यावर आहे."

इथे रमणच्या जागी दुसरा कुणी असता तर त्याने तिथल्या तिथे पाय धरले असते. रमणलाही क्षणभर काहीतरी टोचलं. पण तेवढ्यात टेरेन्सने लिंडाला फोन लावून ही व्यवस्था सांगितली, लिंडाने शीलाला सांगितली, आणि शीलाचा फोन आला.

"अहो," ती म्हणाली, "मी आत्ता लिंडाला काय म्हटलं ठाऊक आहे? म्हटलं, आमच्या यांचं बघ! किती विश्वास टाकतात लोक यांच्यावर!"

खलास! टोचलेलं जे काही होतं ते विरघळून गेलं. रमण केबिनबाहेर गेला आणि ओळखीच्या-अनोळखी सगळ्यांना सलाम करत कॅम्पला एक फेरी मारून आला.

ठरलं असं, की आठवडाभर डबी कुलपात राहील आणि शुक्रवारी चौघांच्या कॉलवर रमण ती उघडून दाखवेल. आकडा हलला नसेल तर टेरेन्स झोपेतच ओढत होता हे सिद्ध, आणि लिंडा त्याला माफ करणार.

डबी कुलपात होती हे खरं. पण किल्ली रमणकडे होती हेही खरं. शीलाला रोज आपला निळा आकडा दाखवायचा होता, तो तर राखलाच पाहिजे. मग तलफ आली की कुठे जायचं? कपाटात अंधार होता, पुदिना होता, आणि चष्मा न घालता ओढलं की आकडाही दिसत नव्हता. निळा आकडा जवळजवळ जिथल्या तिथे खिळला. शीला रोज खूश, रोज नवं कौतुक. रमण त्या कौतुकात असा बुडाला, की शुक्रवारचा त्याला विसर पडला.

शुक्रवार काही त्याला विसरला नाही. दुपारची सुट्टी, केबिनच्या पायरीवर रमण आणि टेरेन्स, फोनच्या पडद्यावर एका चौकोनात लिंडा, दुसऱ्यात शीला. टेरेन्सने इस्त्रीचा शर्ट घातला होता.

"चला रमणभाऊ, दाखवा," लिंडा म्हणाली.

"चार्जिंग संपलं वाटतं."

"तेपण त्याच्यावर दिसतं ना? दाखवा."

रमणने डबी तोंडाला लावली आणि शक्य तितका बारीक झुरका घेतला. पडदा उजळला. पंचवीस. दिली तेव्हा साठाच्या वर होते.

वाऱ्याने पायरीवरची वाळू इकडून तिकडे नेली.

"उन्हाने!" रमण ओरडला. "दुक्मचं ऊन काय साधं आहे? आटतं ते! पाण्याच्या टाक्या आटतात इथे!"

शीला अंगणवाडीत मुलांना मापाने खिचडी वाढते. माप कुठे गेलं हे तिला पातेल्याकडे बघून कळतं. तिने शांतपणे विचारलं, "तुमचं निळं त्याच कपाटात असतं ना? मग ते कसं आठवडाभर असं आटलं नाही?"

रमण वाकून चपलेतली वाळू झटकू लागला.

टेरेन्स हळूहळू उभा राहिला. आता कानाखाली बसणार म्हणून रमणने डोळे मिटले. बसली ती मिठी!

"म्हणजे मी झोपेत ओढत नाही?" टेरेन्स जवळजवळ रडत होता. "तूच ओढत होतास? आधीपासून? थँक गॉड! लिंडा, ऐकलंस? मला काही झालेलं नाही! हा ओढत होता!"

"ओ माय डार्लिंग, सॉरी, सॉरी!" लिंडा तिकडे रडायला लागली. दोघं नवराबायको आनंदाने रडत होते आणि रमण मध्ये मिठीत अडकला होता. त्याच्यावर रागवायला कुणाला सवडच नव्हती. शीलाला होती. तिचा चौकोन न बोलता काळा झाला.

पुढे दिवसचे दिवस शीलाने फोन उचलला नाही. निकाल लिंडामार्फत आला. दोन्ही डब्या टेरेन्सकडे राहतील. रमणला रोज संध्याकाळी एक झुरका, टेरेन्सच्या हातून. टेरेन्सने तो इतक्या सांभाळून द्यायला सुरुवात केली, की रमणला त्याचा राग करायचीही सोय उरली नाही. आंघोळीतलं गाणं परत सुरू झालं, पूर्वीपेक्षा वरच्या पट्टीत.

मग प्रताप सुट्टीवरून परतला. तो वेल्डर, शृंगारतळीचा, येताना गुहागरला शीलाला भेटून आला होता. त्याच्या हातात कापडात शिवलेला डबा बघताच रमणला रडू कोसळायचं बाकी राहिलं. कापडातूनसुद्धा वेलचीचा वास येत होता. ओल्या खोबऱ्याच्या वड्या! म्हणजे शीलाचा राग गेला. किती झालं तरी बायको ती बायको!

रमणने दोन्ही हात पुढे केले. प्रतापने डबा मागे ओढला.

"तुला नाही रे. वहिनींनी बजावून सांगितलंय, टेरेन्सच्याच हातात द्यायचा."

टेरेन्सने शिवण उसवली, झाकण काढलं, एक वडी रमणच्या तळहातावर ठेवली आणि झाकण परत लावलं. "रोज एक, असं बोलल्या वहिनी फोनवर. आजची ही."

शीला फोन करत होती तर! टेरेन्सला. रमणने वडी तोंडात टाकली. ती एका क्षणात विरघळली.

टेरेन्सनेही एक खाल्ली. डोळे मिटून, सावकाश. मग त्याने रमणच्या खांद्यावर हात ठेवला.

"काय हात आहे रे वहिनींचा! अशी बायको मिळाली तुला. खरं सांगू? मला तुझा हेवा वाटतो यार," असं म्हणून त्याने दुसरी वडी तोंडात टाकली.

रमणची आजची संपली होती.