शर्मिष्ठाचे योगदान : ०.१ टक्के

जागा कमी पडू लागली की शहाणी संस्था पसारा आवरत नाही, अहवाल मागवते.

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीत एक कंपनी आहे. टॉवरांमध्ये आग विझवायचे पाइप कुठून कसे न्यायचे, याचे नकाशे ती काढते. तिचा युनिक्स सर्व्हर सत्त्याण्णव टक्के भरला, तेव्हा संचालक चंद्रप्रकाश सरांनी सर्व्हर सांभाळणाऱ्या सुबोधला लेखी आदेश दिला : 'कोणी किती जागा व्यापली आहे, ते नावानिशी सादर करावे.'

सुबोधने एका ओळीची आज्ञा लिहिली. यंत्राने प्रत्येकाच्या फोल्डरात डोकावून बेरीज केली आणि सगळ्यात मोठा आकडा वर ठेवला. यंत्राला कोणाचा हुद्दा कळत नाही, त्यामुळे (ही यंत्रांची जुनी खोड) ते खरं बोललं.

पहिला क्रमांक : चंद्रप्रकाश सर, ६१२ जीबी. (मुलीच्या लग्नाचं शूटिंग तीन कॅमेऱ्यांतून, हळदीचं चार.) दुसरा : विक्री विभागाचा हर्षद, ३४० जीबी. एकच सादरीकरण, 'फायनल'पासून 'फायनल खरंच फायनल'पर्यंत एकशे नव्वद अवतारांत. सगळ्यात खाली नकाशे काढणारी शर्मिष्ठा, २ जीबी. काम संपलं की ती कच्चे नकाशे पुसायची आणि मंजूर झालेले तेवढे ठेवायची. नऊ वर्षं, दोनशे चौदा इमारती.

सुबोधला वाटलं, आता सरांना लाज वाटेल. (सुबोध चौतीस वर्षांचा होता, तरीही.)

या ऑफिसात पिकनिकच्या बसपासून दिवाळीच्या मिठाईपर्यंत प्रत्येक यादी मानाचीच असते, हे तो विसरला होता. सरांनी आपलं नाव सर्वात वर पाहिलं, 'अरे वा' म्हणाले आणि यादी नोटीस बोर्डावर लावायला सांगितली. हर्षदने पेढे वाटले. आठवड्याभरात प्रत्येक जण वर सरकण्याच्या उद्योगाला लागला. सर्व्हर नव्व्याण्णव टक्के.

मग शर्मिष्ठाला पत्र आलं. 'आपले योगदान ०.१ टक्के आढळले. महिन्याभरात समाधानकारक वाढ न झाल्यास सेवा समाप्त करण्यात येईल.'

सुबोध तिच्या टेबलापाशी गेला. "ऐक ना. एक फाइल घे, पाचशे वेळा कॉपी मार. दहा मिनिटांचं काम."

"आणि डिस्क भरेल त्याचं काय?"

"ती तशीपण भरणारच आहे गं."

"मग भरू दे की. कचरा करायला मी कशाला हवी?"

"नोकरी जाईल, यार. घरात कमावणारी तू एकटी."

"एवढी काळजी आहे ना? मग जा आणि सरांना सांग, ती यादी कसली आहे ते."

सुबोधला तेवढ्यात सर्व्हर रूममध्ये जाणं निकडीचं वाटलं.

महिना संपला. शर्मिष्ठाला समोसा आणि फुलांचा गुच्छ देऊन काढण्यात आलं. (गुच्छ हर्षदने दिला. फोटो सर्व्हरवर आहे.)

चौथ्या दिवशी सर्व्हर शंभर टक्के भरला. कोणालाच काही साठवता येईना. तातडीची बैठक बसली. असलेल्या माणसांचं काही पुसलं तर त्यांचं योगदान घटणार. तेव्हा नसलेल्या माणसाचं पुसावं, असं एकमताने ठरलं.

"सर, त्यात सगळे मंजूर नकाशे आहेत," सुबोध म्हणाला.

"किती जागा आहे?"

"दोन जीबी."

"मग त्यात असून असून किती असणार?"

सुबोधने पुसलं. (बॅकअपसाठी वेगळी डिस्क होती. तिच्यावर हळद होती.) दोन जीबी मोकळे झाले. दुपारपर्यंत हर्षदने ते भरले.

आता गोरेगावच्या एका टॉवरचे सेक्रेटरी रोज फोन करतात. अठराव्या मजल्यावरचं आग विझवायचं पाणी कोणत्या व्हॉल्व्हने सुरू होतं, एवढंच त्यांना हवं असतं. सुबोध त्यांना होल्डवर ठेवतो.

वाचकहो, हसा. फक्त आधी एक आठवा. तुमच्याही ऑफिसात एक बाई आहे, सहाच्या ठोक्याला टेबल आवरून निघते. परवा ती लिफ्टमधून उतरल्यावर "हिचं बरंय, हिला काही कामच नसतं" असं कोण म्हणालं होतं?