साळूबाईचे नळ आणि वास्तूचं तथास्तु

एका जंगलात, बाळांनो, साळूबाई नावाची एक साळिंदरीण राहायची. अंगभर काटे, पण जीभ अगदी लोण्याची. तिनं एकदा वनदेवीला नवस केला होता. म्हणाली होती, "आई, मला चार भिंतींचं, नळाच्या पाण्याचं घर होऊ दे. त्या घरात मी एकही अभद्र शब्द काढणार नाही आणि कुणाला काढू देणार नाही."

नवस बोलताना माणूस असं सढळ हातानं बोलतो. मग देवी ऐकते, आणि पंचाईत होते.

कारण त्या जंगलात सगळ्यांना ठाऊक होतं की घराची वास्तू कान देऊन बसलेली असते. घरात जे बोलाल, त्याला ती 'तथास्तु' म्हणते. कुणी म्हणालं छप्पर उडेल, की तथास्तु. म्हणून नव्या घरात सगळे तोंडात साखर धरूनच शिरायचे.

घर बांधलं तरसशेठ ठेकेदारानं. तरसच तो, काहीही विचारलं की आधी हसायचा. बांबूचे पाइप, सांध्यांना डिंक आणि वरून मातीचा गिलावा. गिलाव्याआधी पाइपांत पाणी भरावं, तोंडं बंद करावीत आणि सांधे ओले होतात का बघावं, असं साळूबाईच्या यजमानांनी, सायाळरावांनी, सुचवून पाहिलं. तरसशेठ हसला आणि गिलावा करून मोकळा झाला.

वास्तुशांत तोंडावर आली, तेव्हा टाकीत पाणी चढवलं. साळूबाईनं हळदकुंकू वाहून नळ सोडला. नळ खोकला आणि गप्प बसला. पाणी कुठं गेलं ते संध्याकाळी कळलं. पिल्लं जिथं निजणार होती, त्या खोलीच्या भिंतीवर ओल आली आणि हातपाय पसरायला लागली. मातीची भिंत ती. अशीच पाणी पीत राहिली, तर एक दिवस पिल्लांच्या अंगावरच बसेल, हे साळूबाईला स्पष्ट दिसत होतं. पण म्हणायचं कसं? सायाळरावांनी तोंड उघडलं, तोच तिनं त्यांच्या तोंडावर पदर दाबला.

अंगणात वास्तूला ऐकू येत नाही. म्हणून तरसशेठला अंगणात बोलावून दोघांनी सगळं सांगितलं. तो हसून म्हणाला, इथून मला काय दिसणार, आत चला आणि दाखवा. सगळे आत गेले.

"हं, वहिनी, काय तक्रार आहे?"

साळूबाई भिंतीपुढं उभी राहिली. पुष्कळ वेळ शब्द शोधून म्हणाली, "भिंत गार आहे."

उन्हाळ्यात बरं पडेल, असं म्हणून तरसशेठ निघाला. ती पुन्हा त्याला अंगणात घेऊन आली, तो पुन्हा तिला आत घेऊन गेला. शेवटी पायरी झिजायची वेळ आली.

मग जाणकार म्हणून बगळेकाकांना बोलावलं. उभा जन्म पाण्यात काढलेले गृहस्थ. त्यांनी मोरीत तांब्याभर पाणी ओतलं. ते जाळीकडे जायचं, तर उंबरा ओलांडून देव्हाऱ्याकडे निघालं. काकांनी एक पाय वर घेतला, डोळे मिटले आणि पाण्यात भक्तिभाव आहे असं मत दिलं. मग भिंतीवर चोच मारली. गिलाव्याचा पोपडाच चोचीत आला. भिंतीचा स्वभाव मऊ आहे, असं सांगून आणि पोह्यांची बशी संपवून काका गेले.

आता त्या जंगलाचा रिवाज ऐका. वास्तुशांतीला घरधनिणीनं ठेकेदाराच्या ओंजळीत नारळ ठेवायचा आणि 'काम उत्तम झालं' असं म्हणायचं. की ठेकेदार सुटला. पुढं भिंत बसो की उठो.

होम झाला. पानं मांडली. तरसशेठ नवं धोतर नेसून, ओंजळ पुढं करून उभा राहिला. साळूबाईनं नारळ छातीशी धरून ठेवला. खरं बोलावं तर नवस मोडतो. गोड बोलावं तर देवीपुढं खोटं, आणि ठेकेदार कायमचा हातचा जातो. तिची पिल्लं तेवढ्यात त्या भिंतीला जीभ लावून गारेगार खात होती.

तिनं हळूच विचारलं, "भावजी, तुमच्या लेकीचं घर बांधताय म्हणे?"

"हो तर. गिलाव्याला आलंय."

साळूबाईला एकदम शब्द सापडले. शुभही आणि खरेही. तिनं डोळे मिटले.

"वास्तुदेवते, यांच्या लेकीच्या घरातले नळही अगदी असेच होऊ देत. हाच डिंक, हेच सांधे, हाच मोरीचा उतार. आणि तिची लेकरंही अशाच भिंतीशी निजू देत."

बगळेकाका दोन्ही पायांवर उभे राहिले. आणि तरसशेठ हसला नाही. त्याचं मिटलेलं तोंड जंगलानं त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं.

"वहिनी, मागं घ्या ते."

"आशीर्वाद कुणी मागं घेतं का, भावजी?"

"अहो, ती ऐकतेय ना," तरसशेठ आढ्याकडं बघत कुजबुजला.

"मग तिनं तथास्तु म्हणायच्या आत काय ते करा," सायाळराव तोंडावरचा पदर बाजूला सारून म्हणाले.

तरसशेठनं धोतर खोचलं आणि स्वतः पहार घेतली. पंगत अंगणात हलवली. पाहुण्यांनी जिलेब्या खातखात भिंत फुटताना पाहिली, नवे सांधे जोडताना पाहिले, आणि टाकी भरून सांध्यांवर नजर ठेवली. एकही सांधा ओला झाला नाही, तेव्हा कुठं गिलावा चढला. मोरीचं पाणी भक्तिभाव सोडून निमूट जाळीत गेलं.

साळूबाईनं तोंड भरून 'काम उत्तम झालं' म्हटलं. तरसशेठनं नारळ काखेत मारला आणि पहार खांद्यावर टाकून थेट लेकीच्या घराकडे पळत सुटला.

तात्पर्य: बाळांनो, दुसऱ्याच्या कामाला कधी नावं ठेवू नयेत. तक्रार कुणी ऐकत नाही आणि आपली जीभ मात्र विटाळते. त्यापेक्षा, ज्याचं काम त्याच्याच लेकराबाळांना लाभो, असा भरघोस आशीर्वाद द्यावा. तो मात्र सगळे घाबरून ऐकतात. म्हणून तुम्हीही नव्या घरात शिराल, तेव्हा आधी नळ सोडा, मग ठेकेदाराच्या मुलाबाळांची आपुलकीनं चौकशी करा, आणि हात जोडून हा एवढा वसा घ्याच.