खांद्याची आणेवारी

आमच्या शेजारचे दस्तगीरमामा माणसाची खुशाली विचारत नसत, ते त्याची आणेवारी सांगत. "गुरुजी, डोळं सा आणं गेलं तुमचं." न्हावी दिसला की, "तुझी कंबर आता धा आणंच ऱ्हायली." शिरस्तेदारांची मान साहेबापुढं लवून लवून चार आणे झिजली, असंही ते त्यांच्या तोंडावर सांगत. एकदा तालमीतला पैलवान मुद्दाम छाती काढून समोर उभा राहिला. मामांनी त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं आणि म्हणाले, "मोडल्याल्या कानाचं दोन आणं वजा."

लोक हसत. मला हसू येत नसे, कारण ही भाषा मामा आमच्या कचेरीत शिकले होते.

महाराजांची राजवट होती. गगनबावड्याच्या वाटेवर पुलाचं काम चाललं होतं. मी कंत्राटदाराचा कारकून, मामा तिथले पाथरवट. चिरा वर चढवायची साखळी तुटली आणि तो त्यांच्या उजव्या खांद्यावर आला. दोन महिने हात गळ्यात बांधलेला. मग कंत्राटदारानं डॉक्टर बोलावला. ठरलं असं, की हात मुळीच उचलला जात नसेल तर रोजाच्या रुपयातले आठ आणे घरबसल्या मिळायचे. खांद्यापर्यंत गेला तर चार. डोक्याच्या वर गेला तर काही नाही.

आदल्या दिवशी मी मामांना बाजूला घेऊन सांगितलं, "हात खांद्याच्या वर नेऊ नका."

"कळतंय की," मामा म्हणाले.

दुसऱ्या दिवशी डॉक्टर म्हणाले, "हात वर करा." मामांनी दाराकडं पाहिलं. त्यांची बायको, अमीनामामी, भाकरी घेऊन तिथं उभी होती. मामांनी हात उचलला. खांद्याच्या वर गेला, कानाच्या वर गेला, आणि सरळ आढ्याकडं ताठ झाला. तोंड पांढरंफटक पडलं, मिशीवरनं घाम गळू लागला. डॉक्टरांनी हात किती वर गेला तेवढं पाहिलं. तोंड पाहायची रीत नव्हती. मी कागदावर पूज्य लिहिलं.

त्यानंतर तो हात कधी छातीच्या वर आला नाही. मी कंत्राटदाराकडं गेलो, तर तो म्हणाला, "तुमच्याच अक्षरात लिहिलंय की."

मामी लोकांची दळणं दळू लागली. मामा उंबऱ्यावर बसून जगाची आणेवारी करू लागले. चार वर्षं मी गप्प राहिलो. एका दुपारी राहवलं नाही.

"मामा, हात वर का केलात?"

"दोन म्हैनं ती रडत हुती. तिला सांगिटलंतं, खांदा बरा झालाय. आन ती दारातच हुबी." मग म्हणाले, "हासली बघा ती तवा. तुमचं ध्यान कागदात."

त्यांनी मांडीवरचा सुटलेला पटका माझ्यापुढं केला.

"रोज गुपचूप बांधणारा न्हावी आजऱ्याला गेलाय, कारकूनसाब. तेवढा बांधा. ती यायच्या आत."

मला पटका बांधायची सवय नव्हती. शेमला दोनदा सुटला, एक बाजू कानावर उतरली. तेवढ्यात पिठाची पाटी घेऊन मामी आली. तिनं पटक्याकडं पाहिलं, मग माझ्याकडं. पाटी खाली ठेवली आणि मामांना म्हणाली,

"आज लई झ्याक बांधलाय तुमी."