रस्ता ओलांडून देणारे कोचरेकर काका

आमच्या सोसायटीच्या फाटकापाशी रोज संध्याकाळी एक गृहस्थ उभे असतात आणि धडधाकट माणसांना हात धरून रस्ता ओलांडून देतात. आंधळ्यापांगळ्यांना कोणीही मदत करतं, त्यात विशेष काही नाही. कोचरेकर काका मात्र निवडून धडधाकट माणूस धरतात. आमच्या इमारतीतला विक्रांत पोलीस भरतीची तयारी करतो. पहाटे उठून समुद्रापर्यंत धावत जाऊन येतो, दंड माझ्या मांड्यांएवढे. त्यालाही काका मनगटाला धरतात, "सावकाश. पाय टाकायच्या आधी लेव्हल बघायची," असं बजावतात आणि पलीकडच्या दुधाच्या दुकानापर्यंत पोचवतात. विक्रांत मान खाली घालून निमूट जातो. रस्ता म्हणाल तर कोंबडीनेही इकडेतिकडे न बघता ओलांडावा असा.

मी या सोसायटीत नवीन राहायला आलो तेव्हा पहिल्याच संध्याकाळी माझी पाळी आली. दूध आणायला निघालो होतो. मागून कोणीतरी माझं कोपर पकडलं.

"थांबा. नवीन दिसता. नाव काय?"

"जगताप."

"जगताप, पुढे गटारावरचं झाकण आहे. त्याला लेव्हल नाही. चला, मी आहे."

दुकानाशी पोचल्यावर त्यांनी माझं कोपर सोडलं आणि "आता घ्या दूध," असं म्हणून परवानगी दिली. घरी येऊन मी आरशात पाहिलं. नीताला, म्हणजे माझ्या बायकोला विचारलं, "मी आजारी दिसतो का?" ती म्हणाली, "नाही. तुमचा चेहरा पहिल्यापासून तसाच आहे."

लेव्हल हा काकांचा जपमाळेतला मणी होता. उभी हयात त्यांनी एका बांधकाम कंत्राटदाराकडे ओव्हरसियर म्हणून काढली होती. मूळचे वेंगुर्ल्याकडचे, नोकरीभर मुंबईत, आणि निवृत्तीनंतर वसईला आमच्या शेजारच्या दारात. गिरीज गावच्या बागायती वाड्या सुरू होतात त्याच्या जरा अलीकडे आमची सोसायटी आहे. मागच्या गॅलरीतून केळीची पानं दिसतात, पुढच्या खिडकीतून खड्डे. काका पुढच्या खिडकीत बसत. त्यांच्या मते या भागात लेव्हल नावाची वस्तू कधी आलीच नव्हती. जिना चढायला जड जातो, कारण पायऱ्यांची लेव्हल. डोसा तव्याला चिकटतो, कारण ओट्याची लेव्हल. एका मंत्र्याचं भाषण टीव्हीवर पाहून ते म्हणाले होते, "याचा पायाच बसलेला नाही."

जवळच्या गास गावात आमच्या सेक्रेटरींच्या मुलाचं लग्न होतं तेव्हा काकांनी स्टेजच्या पायऱ्यांशी ठाण मांडलं. आहेर द्यायला येणाऱ्या प्रत्येकाला हात देऊन वर चढवत होते. फोटोग्राफर उलटा चालत मागे सरकत होता, त्याला तर त्यांनी कमरेलाच धरलं. बिचाऱ्याने काढलेल्या निम्म्या फोटोंत नवरानवरी तिरके आले. काकांनी ते फोटो पाहून स्टेजला नावं ठेवली.

त्यांना दाद न देणारी एकच व्यक्ती होती, ती म्हणजे कार्मेलिन मावशी. गिरीजहून केळी आणि भाजी घेऊन येणारी बाई, डोक्यावर पाटी, दोन्ही हात मोकळे, चाल अशी की पाटीत पाणी ठेवलं तरी हिंदकळू नये. काकांनी एकदा तिचं कोपर धरलं.

"मावशी, सांभाळून. पडाल."

"काका, सोडा मला. तुमी धरलं ना तवाच मी पडनार."

आम्ही सगळे हसलो. काकाही हसले, पण कोपर काही सोडलं नाही.

हा प्रकार मी बरेच दिवस गंमत म्हणून पाहत होतो. मग एके दिवशी बाजारात आम्ही दोघं बरोबर होतो. रिवाजाप्रमाणे माझा दंड त्यांच्या हातात. माझा फोन वाजला, म्हणून मी हात सोडवून खिशात घातला. एवढंच. काका जागच्या जागी डोलले, एक पाय पुढे टाकावा की मागे हे त्यांना ठरवता आलं नाही, आणि शेजारी लावलेल्या कोणाच्या तरी स्कूटरवर ते धपकन बसले. चेहरा पांढरा पडला होता.

"लेव्हल," ते हळूच म्हणाले.

तो रस्ता नवा काँक्रीटचा होता. त्यावर गोटी ठेवली असती तरी हलली नसती.

मी पुन्हा हात पुढे केला, आणि या वेळी नीट लक्ष दिलं. त्यांचा सगळा भार माझ्या दंडावर होता. आजवर कित्येकदा त्यांनी मला रस्ता ओलांडून दिला होता, आणि मी समजत होतो की तेच मला नेतात.

घरी येऊन नीताला सांगितलं, तर ती भाजी निवडता निवडता म्हणाली, "तुम्हाला आज कळलं होय?"

काकांच्या घरी दुसरं कोणी नव्हतं. त्यांच्या पत्नी, मालतीकाकू, आम्ही इथे येण्याच्या आधीच वारल्या होत्या. मुलगी नाशिकला, तिचा रोज फोन येई आणि काका तिला सगळं उत्तम असल्याचं सांगत. नीताने एकदा धीर करून विषय काढला, "काका, एखादी काठी घ्या ना बाहेर जाताना."

काका दुखावले नाहीत, त्यांनी फक्त हिशोब मांडला. "काठी घेतली की एक हात गेला. एका हातात पिशवी. मग लोकांना हात कोणता देऊ?"



मग एका रविवारी सकाळी ते पेपर मागायला आले तेव्हा कपाळावर लिंबाएवढं टेंगूळ होतं. मी विचारलं तर म्हणाले, "कपाट पुढे आलं." आमच्या इमारतीत भिंतीतून पाणी येतं हे मला ठाऊक होतं, पण कपाट पुढे येतं हे नवीन होतं. हसण्यासारखं त्यात काही उरलं नव्हतं. पुढच्या वेळी डोक्याऐवजी खुबा आपटला तर दार उघडायला आत कोण होतं?

नीताच्या गुडघ्यावर उपचार करणारी जेनेट नावाची फिजिओथेरपिस्ट मुलगी आमच्या ओळखीची होती. मी जिन्यात उभा राहून तिला फोन केला आणि बेत सांगितला. मग काकांकडे गेलो.

"काका, मला हल्ली चालताना तोल गेल्यासारखं वाटतं. तपासून घ्यायचंय. पण एकट्याने जायची भीती वाटते."

काकांचा चेहरा उजळला. "मी म्हणतच होतो. तुमची चाल मला पहिल्या दिवसापासून पसंत नव्हती. चला, मी येतो."

दवाखान्यात जेनेटने ठरल्याप्रमाणे मला एका पायावर उभं राहायला सांगितलं. इथे माझा अंदाज चुकला. मला वाटलं होतं की पडण्याचं नाटक करावं लागेल. नाटकाची गरजच भासली नाही. पाय उचलला तसा मी भिंतीवर गेलो. वय वर्षं त्रेपन्न, सातिवलीच्या एका कारखान्यात दिवसभर खुर्चीत बसून हिशोब लिहिणारा माणूस मी. एका पायावर उभं राहायचा प्रसंग शाळेतल्या शिक्षेनंतर आलाच नव्हता.

"बघितलंत?" काका जेनेटला म्हणाले. त्यांना इतकं आनंदी मी कधी पाहिलं नव्हतं.

"खूपच खराब आहे," जेनेट गंभीरपणे म्हणाली. "काका, तुम्ही यांच्या शेजारी उभे राहून करून दाखवता का? यांना धीर येईल. हे टेबल धरा हवं तर."

काकांनी टेबल धरून पाय उचलला. मग टाचा उचलल्या. हात न टेकता खुर्चीतून उठायचं होतं, ते मात्र त्यांना जमेना. दोनदा अर्ध्यावर येऊन खाली बसले. जेनेटने तिकडे पाहिलंच नाही, मलाच रागे भरली. मग सहज विचारल्यासारखं करून तिने काकांना त्यांच्या गोळ्या विचारल्या, चष्मा कधी बदलला ते विचारलं, गोळ्यांचं डॉक्टरांना दाखवून घ्या म्हणाली, आणि दाराशी काढलेली त्यांची चप्पल उलटी करून बघितली. एका बाजूने टाच पार झिजली होती.

"काका, हिची लेव्हल गेलीय," ती म्हणाली.

काका त्या चपलेकडे बराच वेळ बघत राहिले. दुसऱ्या दिवशी नवीन सँडल घेतली, मागे पट्टा असलेली.

"माझा" व्यायाम रोज संध्याकाळी काकांच्या घरी करायचं ठरलं. त्यांच्या घरात मी तेव्हा पहिल्यांदा आतपर्यंत गेलो. पलंगापासून स्वयंपाकघरापर्यंत जेवणाच्या टेबलाच्या खुर्च्या एका ओळीत मांडल्या होत्या, हाताच्या अंतरावर. पहिलीची पाठ सोडली की दुसरीची हाती यावी अशा. ओव्हरसियरचं काम, मोजून मापून केलेलं.

मी खुर्च्यांकडे बघतोय हे पाहून ते म्हणाले, "पाहुणे आले तर बसायला."

मग आम्ही दोघं ओट्याला धरून टाचा वरखाली करायला लागलो. काका माझ्या चुका काढत. मी घाम पुसत असे. एका रेषेत पावलापुढे पाऊल टाकून चालायचं होतं, त्यासाठी त्यांनी जमिनीवर खडूने रेघ मारली, आणि ती सरळ आहे की नाही यावर पहिली संध्याकाळ वाया घालवली. कधी नीता चहा घेऊन येई आणि दोन पुरुष बगळ्यांसारखे उभे बघून कप ठेवून लगबगीने निघून जाई. ती आमच्या घरात शिरली की तिचं हसणं भिंतीतून ऐकू येई.

पावसाळा गेला, दिवाळी झाली, नाताळचे कंदील लागले. खुर्च्या एकेक करून टेबलाकडे परतल्या. काका हात न टेकता उठू लागले, न्हाणीघरात त्यांनी स्वतः उभं राहून आधाराची दांडी बसवून घेतली, आणि ती बसवणाऱ्या माणसाला तीन वेळा काढायला लावली. माझाही तोल सुधारला, हे मी काकांना सांगितलं नाही.

एका शनिवारी मी दुपारीच सुटलो. गिरीजच्या रस्त्याने स्कूटरवरून येत असताना समोरून काका येताना दिसले. एकटे. एका हातात केळ्यांची पिशवी, दुसरा हात मोकळा. कडेला गटाराची फुटकी फरशी होती, ती त्यांनी न बघता, पाय जरा लांब टाकून ओलांडली. त्यांचं माझ्याकडे लक्ष नव्हतं. मी स्कूटर एका वाडीच्या कुंपणाशी थांबवली आणि ते दिसेनासे होईपर्यंत बघत राहिलो. वाटलं, आजपासून आमच्या दंडांची सुटका झाली.

संध्याकाळी खाली उतरलो तर काका फाटकापाशी उभे. माझं कोपर पकडलं.

"सावकाश, जगताप."

त्या हाताला आता वजन नव्हतं. कबुतर बसावं तसा तो दंडावर होता.

"काका, दुपारी मी तुम्हाला गिरीजच्या रस्त्यावर पाहिलं," मी म्हणालो.

रस्त्याने एक रिक्षा गेली, तिच्यामागून दुसरी.

"तुमचा तोल अगदी सुधारलाय."

"सुधारलाय," ते म्हणाले. "जेनेटला सांगा. नाहीतरी तिचा नि तुमचा कट होताच."

मी चपापलो. "तुम्हाला कळलं होतं?"

"जिन्यात उभं राहून बोललात. जिन्यातला आवाज माझ्या दारातून थेट आत येतो."

"मग आलात कसे?"

"तुम्ही एवढं खोटं बोलायला घरी आलात. नाही कसं म्हणणार?"

आम्ही तसेच उभे होतो. रस्ता मोकळा झाला होता. काकांनी पाऊल टाकलं नाही.

"आधी गरज होती म्हणून धरायचो," ते म्हणाले. "आता तसं नाही. पण घरात दिवसभर हात लागतो तो कशाला? नळाला, दाराला, रिमोटला. इथे दोन मिनिटं माणसाचा हात लागतो. तुम्हाला अडचण होत असेल तर सांगा."

मी रस्त्यावर पाऊल टाकलं आणि ते माझ्याबरोबर आले. दुधाच्या दुकानाशी पोचलो. मी पिशवी काढली नाही, त्यांनी हात काढला नाही. आम्ही तसेच पुढे वाड्यांच्या दिशेने चालत निघालो. कुठल्यातरी विहिरीवर पंप सुरू होता, ओल्या मातीचा वास येत होता.

"मालतीला रस्ता ओलांडायची फार भीती," काका चालता चालता म्हणाले. काकूंचं नाव मी त्यांच्या तोंडून प्रथमच ऐकलं. "पस्तीस वर्षं मुंबईत राहिली, पण गाडी दिसली की माझा हात असा आवळून धरायची. नखं रुतायची. मी चिडायचो."

त्यांनी वाटेतला एक खडा पायाने बाजूला सारला.

"चारचौघांत हात धरते म्हणून लाजही वाटायची."

पुढे वळण होतं आणि दिवे लागले नव्हते. मी त्यांचा हात कोपरावरून काढून माझ्या हातात घेतला. खरखरीत, थंड हात होता. समोरून कार्मेलिन मावशी रिकामी पाटी काखेत घेऊन येत होती. तिने आमच्याकडे पाहिलं आणि वाट देण्यासाठी कडेला झाली.